निळ्या फुलांचा कप

आमच्या घरात माझा कप वेगळा आहे. पांढरा, कडेला निळी फुलं, कानाचा टवका उडालेला. बाकीचे सहा कप स्वयंपाकघरात ओळीने टांगलेले असतात आणि हा एकटा खिडकीच्या कोनाड्यात. माझी बादली वेगळी, टॉवेल वेगळा, आणि तो टॉवेल वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. अकरा वर्षं झाली. सवयीचं झालंय म्हणावं तर खोटं होईल, पण मी तक्रार करणं सोडलंय.

माझं लग्न तीन वर्षं टिकलं. नवरा जाताना काय काय घेऊन गेला ते सांगत बसत नाही. ठेवून गेला तो एक विषाणू. हर्पिस, दोन नंबरचा, कमरेखालचा. निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आणि आईला समोर बसवून नीट समजावलं होतं. हा अंगात कायमचा राहील. अधूनमधून फोड येतील, जातील. जिवाला धोका नाही. कातडीला कातडी लागून पसरतो, आणि तेही जिथे त्याचं ठाणं आहे तिथल्या कातडीतून. कपाने, बादलीने, टॉवेलने, संडासच्या भांड्याने नाही.

आईने त्यातला 'कायमचा' एवढा एकच शब्द ऐकला. त्यापुढचं तिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. घरी आल्यावर तिने कप वेगळा काढला आणि नातेवाइकांना सांगितलं की सुलक्षणाला नागीण झाली होती. नागीण म्हणजे त्याच खानदानातल्या दुसऱ्या विषाणूचा आजार, पण ती प्रतिष्ठित घरांतही होते. त्यामुळे पुढची दोन वर्षं निम्मं जालना मला विचारत होतं की तुझ्या नागिणीची दोन्ही तोंडं जुळली तर नव्हती ना. मी नाही म्हणायचे.

मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर चारशे बिया मांडायच्या, गुंडाळून ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी उलगडून किती रुजल्या ते पाहायचं. त्यात काही बिया अशा निघतात की रुजतही नाहीत आणि मेलेल्याही नसतात. चांगल्या टणक असतात, नुसत्या झोपलेल्या. आम्ही त्याला सुप्तावस्था म्हणतो. विषाणूचं समजून घ्यायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. तो कातडीतून शिरतो, मज्जातंतूच्या दोरीने वर चढतो आणि तिच्या मुळाशी असलेल्या गाठीत जाऊन झोपतो. ओठावरचा एक नंबर सहसा कानाच्या आतल्या बाजूच्या गाठीत, माझा दोन नंबर मणक्याच्या तळाशी. कधीतरी जाग आली की त्याच दोरीने खाली उतरून कातडीवर येतो. कधी फोड घेऊन येतो. पुष्कळदा काहीही खूण न दाखवता येतो आणि परत जातो.

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली होती. फोड असला की सांभाळता येतं. नसताना काय करायचं? एका भल्या माणसाला मी याच भीतीने नाही म्हटलं. तो आता नाशकात संसाराला लागलाय, आणि मला अजून कधीकधी त्याची आठवण येऊन वाईट वाटतं.

मग चार वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एकोणचाळीस साली, 'जागल्या' आला. काडेपेटीएवढी डबी आणि नखाएवढ्या कागदाच्या पट्ट्या. पट्टी कातडीवरून फिरवायची, थेंबभर द्रावणात बुडवून डबीत सरकवायची. त्या द्रावणात एक जनुकीय कात्री असते. तिला फक्त या विषाणूची लिपी वाचता येते. ती लिपी दिसली की कात्री चालते, आणि कात्री चालली की रंग सुटतो. नऊ मिनिटं लागतात. हिरवा म्हणजे विषाणू आज इथे बाहेर नाही. लाल म्हणजे आहे, आणि लालमध्ये एक रेघ की दोन, त्यावरून त्याचा नंबर कळतो.

पूर्वीची रक्ततपासणी विचारायची, तुला कधी लागण झाली होती का. एकदा हो म्हटलं की कपाळावर जन्माचा शिक्का. जागल्या फक्त आजचं विचारतो. एवढ्याशा फरकाने माझं आयुष्य बदललं. मी माझ्या देहाचं वेळापत्रक शिकले. गोळ्या चालू असताना महिन्यातून एक-दोन दिवस लाल, बाकी सगळं हिरवं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी बहुतेक दिवस कुणालाच काही देऊ शकत नाही.

बाहेर मात्र पहिल्या वर्षी नुसता गोंधळ. साखरपुड्यात पट्ट्या मागितल्या जाऊ लागल्या, ठरलेली लग्नं मोडली, लोक शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागले. मग हळूहळू आकडे बाहेर आले, आणि तीन माणसांतल्या दोघांच्या अंगात एक नंबर लहानपणापासून बसलेला निघाला. संशयाने बघणारेही त्यातच होते. इतक्या लोकांत वाटली गेल्यावर लाज कुणाच्याच वाट्याला पुरेशी येईना. पट्टी मागायचे सगळे नियम गळून पडले, एकच राहिला: बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत त्याला घेणाऱ्याने त्या दिवशीची ओठाची पट्टी दाखवायची. तो राहायलाच हवा होता. आपल्याला जो चार दिवस चुरचुरतो, तो नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यात बाळं दगावतात.

जानेवारीत माझ्या भावाला मुलगी झाली. विक्रांत माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा, त्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय. त्याचा फोन आला तेव्हा मी मुगाच्या बिया मोजत होते.

"अक्का, बाराव्या दिवशी बारसं. नाव तू ठेवायचं. दुसरी आत्या आहेच कोण?"

मी बिया तशाच सोडून दोन मिनिटं खिडकीशी उभी राहिले. संध्याकाळी आईचा फोन आला. ती बाळंतपणासाठी विक्रांतकडेच राहत होती.

"तू ये बारशाला," ती म्हणाली, "पण पाळण्याजवळ नको येऊ. नाव सांगायचं म्हणजे तोंड पार कानाशी न्यावं लागतं. बारा दिवसांचं लेकरू आहे ते. शोभाला सांगते मी. चुलत असली तरी आत्याच आहे."

"आई, माझं ओठावर नाही गं. कितीदा सांगू?"

"तू शिकलेली आहेस, मला नाही कळत त्यातलं. उद्या काही झालं तर गार्गीला काय तोंड दाखवू मी?"

मी बरं म्हणाले. नापास बियाण्याच्या अहवालावर सही करताना मी मालकाच्याही तोंडाकडे बघत नाही, पण आईपुढे बरं म्हणाले. खरं सांगायचं तर आतून मलाही भीती होती. अकरा वर्षं वेगळ्या कपातून चहा प्यायलं की माणसाला वाटायला लागतं, काहीतरी असेलच.

बारशाच्या दिवशी साडेनऊला विक्रांतच्या फ्लॅटवर पोचले. पाळणा फुगे आणि शेवंतीने सजवलेला. गार्गी, माझी भावजय, काठापदराची साडी सावरत बसली होती. मला बघून तिने बाळ उचललं आणि पुढे केलं. मी हात पुढे न करता म्हटलं, "आधी पट्टी होऊ दे." ते खरंही होतं आणि सोयीचंही.

आई चहा घेऊन आली. सगळ्यांना कागदी कप, मला निळ्या फुलांचा. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून तिने तो बारा दिवसांपूर्वीच इथे आणून ठेवला होता.

"ताईंचा कप घरून आणला?" गार्गीने विचारलं.

"तिला तोच लागतो," आई म्हणाली.

मी मान डोलावली आणि चहा प्याले.

दहाला साळवे सिस्टर आल्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन बघणाऱ्या नर्स त्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. खुर्चीवर डबी मांडून म्हणाल्या, "बाळाला हात लावायचा त्यांनी लायनीत या. लिपस्टिक पुसून या."

बायका हसत उठल्या. आई सगळ्यांत पुढे. दवाखान्यात तिची दोनदा हिरवी आली होती आणि ते तिने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. घरी आल्यावर रोजची पट्टी घ्यायची मात्र तिला गरज वाटली नव्हती. तिच्यामागे शोभा, मग गार्गीची मावशी. मी भिंतीशीच उभी होते.

"तुम्ही आत्या ना?" सिस्टर म्हणाल्या. "या की."

"तिची नको," आई पटकन म्हणाली. "ती लांबच बसणार आहे."

"लांब कशाला?"

विक्रांत माझ्याकडे बघत होता. त्याला नागिणीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मी पुढे गेले आणि ओठ पुढे केले. आईने मान फिरवली.

नऊ मिनिटांनी सिस्टरांनी पट्ट्या ओळीने मांडल्या. शोभा हिरवी. मावशी हिरव्या. मी हिरवी. मला माहीत होतं, तरीही मी ती पट्टी दोनदा पाहिली. चौथी पट्टी त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. लाल, एक रेघ.

"आजी, ही तुमची."

"माझी नाही," आई म्हणाली. "अदलाबदल झाली असेल."

सिस्टरांनी दुसरी पट्टी घेतली. पुन्हा नऊ मिनिटं. दुसरीही लाल, एकच रेघ.

आईचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "तुझ्याकडून लागलं का गं मला?"

मला राग आला. इतका आला की अकरा वर्षांचं सगळं ओठांवर आलं. पण ती माझ्याकडे नाही, पाळण्याकडे बघत होती.

"नाही आई," मी म्हटलं, आणि मग लपवायचं काही कारणच उरलं नाही. "माझा दोन नंबरचा आहे. नागीण नव्हती ती, विक्रांत, हर्पिस होता, माझ्या नवऱ्याकडून आलेला. आईचा एक नंबर आहे. आई, थंडी पडली की तुझ्या ओठावर फोड येतो ना? तू तूप-हळद लावतेस?"

"तो तर लहानपणापासूनचा आहे. उष्णतेचा."

"तोच हा. तुझ्या आईने नाहीतर आजीने मुका घेताना दिला असेल."

"पण आज फोड कुठे आहे?" आईने बोटाने ओठ चाचपला.

"फोडाशिवायही येतो तो बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "बारा दिवस जागरणं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. तुम्ही दमलात, तो उठला. ओठाला लावलेला हात आधी धुऊन घ्या. आणि आता खरं सांगा, बाळाचा मुका घेतलात का?"

आमच्या घरात उष्टं हा फार मोठा विषय आहे. पाणी वरून प्यायचं, पेल्याला तोंड लावायचं नाही. भाजी चाखलेला चमचा पातेल्यात परत गेला तर आई अख्खी भाजी वेगळी काढते. पण मुका उष्टा धरत नाहीत. गालाचा, बोटांचा, अगदी ओठांचा घेतला तरी तो लाडच. जो विषाणू कपातून जात नाही त्याच्यासाठी आईने कप वेगळा ठेवला होता, आणि तो जिथून जातो ते दार सताड उघडं होतं.

"काल," आई म्हणाली. "आंघोळ घातल्यावर. आजही सकाळी एकदा."

गार्गी उठली. ती ओरडली नाही. तिने बाळाला छातीशी धरलं आणि सिस्टरांकडे बघत राहिली. सिस्टरांनी बाळाच्या तोंडातून, डोळ्यांच्या कडांवरून, बेंबीपाशी पट्ट्या फिरवल्या, अंगावर कुठे पुरळ नाही ना ते पाहिलं, ताप मोजला. दवाखान्यात डॉक्टरांना फोन लावला. मग पुन्हा नऊ मिनिटं.

मी आईला स्वयंपाकघरात नेलं. तिने साबणाने हात धुतले, परत धुतले. मग ओट्यावरचा माझा कप उचलला, तो विसळला आणि त्यात स्वतःसाठी चहा ओतला.

"आता हा मला," ती म्हणाली. "बादली पण वेगळी करते."

"आई, कपाने नाही लागत. अकरा वर्षं सांगते आहे."

तिने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग अकरा वर्षं त्यातून तू काहून पीत राहिलीस?"

"तू द्यायचीस म्हणून."

ती खाली बसली, तिथेच फरशीवर. पदर तोंडाला लावून रडली, आवाज न करता. मी शेजारी बसले. तिला चार गोष्टी ऐकवायची याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नसती. पण आत बाळाच्या पट्ट्या रंग धरत होत्या आणि माझं सगळं लक्ष त्या भिंतीपलीकडे होतं.

"मी आता तिला घेऊच नको का?" आईने विचारलं. "लांबूनच बघायचं का नातीला?"

हा प्रश्न मी किती वेळा स्वतःला विचारला होता, ते तिला ठाऊक नव्हतं.

"घ्यायचं. हात धुवायचे, तोंडाला मास्क, मुका नाही. दोन-चार दिवसांत हिरवी होईल तुझी, पण सहा आठवडे मुका नाहीच. मांडीवर घे, मालिश कर, अंगाई म्हण. तुझ्या हातात काही नाहीये आई, ओठावर आहे. आज आहे, परवा नसेल."

"तुझंही असंच आहे?"

"माझंही असंच आहे."

तिने पदराने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, आपण सांभाळलं," ती म्हणाली. "तुलाही, घरालाही."

"हिरवी," बाहेरून विक्रांतचा आवाज आला. तो रडतच होता. "अक्का, सगळ्या हिरव्या."

आम्ही दोघी धडपडत बाहेर आलो. सिस्टर त्यांच्या टॅबवर गार्गीची गरोदरपणातली तपासणी बघत होत्या. "हिच्या अंगातही एक नंबर आहे, लहानपणापासून. म्हणजे त्याच्याशी लढायची तयारीही हिच्याकडून बाळाला पोटातच मिळालेली आहे. ते मोठं बळ आहे. तरी उद्या डॉक्टर स्वतः बघतील, रक्त घेतील. आणि तीन आठवडे रोज पट्टी. ताप आला, दूध सोडलं, अंगावर फोड दिसला, तर तडक दवाखाना."

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते: रक्त स्वच्छ निघालं, आणि तीन आठवड्यांत पट्टी एकदाही लाल झाली नाही. पोरगी आता सात महिन्यांची आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालते.

तर बारसं. पाहुणे खोळंबले होते. शोभा पाळण्याजवळ सरकली, तसं गार्गीने तिला थांबवलं.

"नाव ताई ठेवणार आहेत ना?"

सगळ्यांनी नुकतंच सगळं ऐकलं होतं. मावशींनी मावशीपणाने घसा खाकरला. गार्गीने सिस्टरांकडे पाहिलं, तीही आईच होती शेवटी. सिस्टर म्हणाल्या, "ओठ हिरवे आहेत, हात धुतलेत. या खोलीत या बाईइतकं स्वतःला ओळखणारं दुसरं कोणी नाही. द्या बिनधास्त."

गार्गीने बाळ माझ्या हातात ठेवलं. बारा दिवसांचं माणूस किती हलकं असतं, मी विसरले होते. डोक्याला वेखंडाचा वास होता. पाळण्याखालून, पाळण्यावरून देणं-घेणं झालं आणि मी तिला आत निजवलं. मग वाकले. तोंड पार तिच्या कानाशी नेलं. अकरा वर्षांत मी कुणाच्या इतक्या जवळ गेले नव्हते. माझ्या श्वासाने तिच्या कानावरची लव हलली.

"वल्लरी," मी सांगितलं, आणि मोठ्याने कुर्र केलं.

आत्याने नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. शोभाने घातला, मावशींनी जरा जपून घातला, गार्गीने हसत हळूच घातला. मी सरळ होणार तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. मला त्या बांगड्या ओळखू येतात. तोंडाला मास्क लावून आई मागे उभी होती. अकरा वर्षांत तिने माझ्या पाठीला हात लावला नव्हता. दिवाळीच्या आंघोळीला, तापात, लग्न मोडून आले त्या दिवशी, कधीच नाही.

तिने सगळा जीव एकवटून धपाटा घातला, आणि हात तिथेच ठेवला.

पाठ दोन दिवस दुखत होती. मी मलम लावलं नाही.